ओट्स, बोरं आणि थोडं कळण्याचं पीठ

डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हापासून
घरात ओट्स आहेत.
पाण्यात शिजवले की खळ होते,
पार्सल ऑफिसात लेबलं चिकटवायचो तशी.
आठ दिवस खाल्ली.
नवव्या दिवशी वाटी तशीच सिंकमध्ये.
हेमलता काही बोलली नाही.
सिव्हिलमध्ये वीस वर्षं नाइट केलेली बाई
रोग्याशी वाद घालत नाही.

शनिवारी मेहरूणची बोरं दिसली,
हातगाडीवर, ओल्या गोणपाटाखाली.
मी पावशेर म्हणालो, त्याने अर्धा किलो भरला,
आणि माझी नजर गेली काट्याकडे.
छत्तीस वर्षं भुसावळला
दुसऱ्यांच्या मालाचं वजन केलं मी :
हिरवी केळी, पानाच्या करंड्या, कुणाचं शिलाई मशीन.
पिकलेलं काही माझ्या हातून गेलं नाही.
पिकलेलं पोचत नाही.

केतकी फोनवर म्हणाली, बाबा, खूप सोपं आहे.
खाली थर, मध्ये फळ, वर भुगा.
तिचाच ओव्हन, पुण्याला जाताना ठेवून गेलेला,
त्यावर इस्त्रीचे कपडे होते ते उचलले.

रात्रीचे अकरा. हेमलता ड्यूटीवर.
बोरं वाफवून बिया काढायला पाऊण तास.
एकशे बारा.
कुणी विचारलं नव्हतं, तरी मोजल्या.
गर आणि गूळ मंद आचेवर,
चिमूटभर सुंठ, अर्ध्या लिंबाचा रस,
मग तो रटरटत दाट झाला,
एक थेंब मनगटावर उडाला,
अजून डाग आहे.

मैदा नव्हता.
खालच्या फळीवर एक डबा होता, त्यातलं पीठ घेतलं,
कसलं ते वाचायला चष्मा लागला असता.
ओट्स, पीठ, दाण्याचं कूट, पातळ केलेलं तूप.
बोटांनी चोळत राहिलो.
मूठ आवळली की मुटका,
सोडली की भुगा.
हे बराच वेळ केलं. लागत होतं त्यापेक्षा जास्त.

ओव्हनमध्ये ठेवून सतरा मिनिटं झाली
आणि लाइट गेली.
अख्खी कॉलनी काळी.
दार उघडायचं नाही एवढं मला कळत होतं,
म्हणून स्टूल ओढून शेजारी बसलो,
काचेवर तळहात ठेवून,
हेमलता रात्रभर ज्यांच्याजवळ बसते
त्यांच्याजवळ ती अशीच बसत असेल का,
काही न करता, नुसती ऊब तपासत.
बोराचा वास आला. आंबट, मग गोड,
मग किंचित करपल्यासारखा.
लाइट आली तेव्हा मला डुलकी लागली होती.

गार झाल्याशिवाय कापू नका,
असं केतकीने बजावलं होतं.
ते कापल्यावर आठवलं.
चार तुकडे शाबूत, बाकीचे
ताटभर पसरले.
पण पोरगी म्हणाली होती ना, वर भुगाच असतो,
तर खाली पण आहे, एवढंच.

साडेआठला हेमलता आली.
“हे काय करू राहिले तुम्ही?”
पर्स खांद्यावरच, उभ्यानेच
चमच्याने भुगा उचलला,
चावली, थांबली.
“यात उडीद आहे.”
मी म्हणालो, शक्य नाही.
तिने डबा उघडून हुंगला.
“कळण्याचं पीठ! मिठासकट दळलेलं!”
आणि हसायला लागली ती, भिंतीला टेकून,
डोळ्यांना पदर लावून,
“मिरची का सोडली मग?”
पण चमचा ठेवला नाही.
दुसरा घेतला. तिसरा.
म्हणाली, खारट आहे म्हणून गोड लागतंय,
आणि वाटी घेऊन खुर्चीत बसली, बुटांसकट.

संध्याकाळी तेच मागितलं वॉर्डात न्यायला.
रात्रपाळीच्या पोरी काहीही खातात म्हणे.
शाबूत चार तुकडे मी वर रचले,
डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावली
आणि स्केचपेनने, हाताला वळण होतं तसं,
लिहून काढलं :
नाजूक माल. उलटा ठेवू नये.
पाठवणार, घेणार, दोन्ही नावं.

वजनाची जागा कोरी ठेवली.
बिया अजून खिडकीत वाळताहेत,
त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.