निरीक्षणवही

दांडिया बाजारातून घेतली, दोनशे पानी, कव्हरवर मोर.
पहिल्या पानावर लिहिलं:
जेनिल हट्टी आहे.
इलाक्षीबेनच्या लाल पेनाने विचारलं,
हट्ट कुठे दिसला? किती वाजता? कुठल्या हातात?

खोडलं. पुन्हा लिहिलं:
नऊ दहाला जेनिलने निळा डबा उजव्या हातात धरला.
नऊ चाळीसपर्यंत सोडला नाही. झाकण उघडलं नाही.
कुणी जवळ आलं की डबा पोटाशी.
एवढं लिहून वर पाहिलं
तर हट्ट कुठेच नव्हता,
एक मुलगा होता, डबा धरलेला.

वही गुजरातीत लिहायची असते.
मराठी शाळेत घडलेला माझा हात
अजून सवयीने शिरोरेघ ओढतो,
मग खोडरबराने अक्षरांचं छप्पर काढत बसायचं.

माझं वय अडतीस.
बाकीच्या सोळाजणी विशी-बाविशीच्या, स्कूटीवाल्या,
मला आधी 'मावशी' म्हणाल्या, मग गप्प झाल्या, मग नोट्स मागू लागल्या.
बारा वर्षं पतपेढीत खाती जुळवली मी.
ताळा लागल्याशिवाय घरी जायचं नाही,
पाच पैशांसाठी आठ वाजलेत.
इथे अकरा वाजता सुट्टी होते
आणि काहीच जुळलेलं नसतं.

वाडीतल्या त्या बालवाडीत खुर्च्या वीतभर उंच,
बसलं की गुडघे हनुवटीला.
एकदा चित्र धरून विचारलं, आ शुं छे?
सगळे ओरडले, "चकली!"
आमच्यातला एकच, पवारांचा शौनक,
चिमणीकडे बराच वेळ बघून म्हणाला,
"तळलेली?"
मी हसले. ते लिहिलं नाही.
हसू माझं होतं, वही त्यांची.

पुरानंतर पाचव्या दिवशी शाळा उघडली.
भिंतीवर माझ्या कमरेएवढी मातकट रेघ,
मुलांच्या डोक्याच्या कितीतरी वर.
हेत्वी म्हणाली,
"अमारा घरमां मगर आव्यो'तो. दादरा पर बेठो'तो."
मी लिहिलं: हेत्वी, वय चार. कल्पनाशक्ती उत्तम.
वर अधोरेखित केलं, खूष होऊन.

लाल पेन: विचारलंत?

विचारलं. तिची आई न्यायला आली तेव्हा.
तिने पदराला मोबाईल पुसला आणि फोटो काढून दिला:
जिन्याची तिसरी पायरी, चिखल,
आणि त्यावर
लांबच्या नात्यातल्या पाहुण्यासारखी ऐसपैस
विश्वामित्रीची मगर.

कल्पना माझी होती. हेत्वीने फक्त सांगितलं होतं.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले,
"निनाद आळशी झालाय."
मी म्हटलं, कुठे दिसलं?
म्हणाले, "झालं, आता घरात पण शाळा."
सोळा वर्षांचा निनाद ताटातून मान वर न करता हसला,
डाव्या गालाने.
(हे मी पाहिलं. लिहायला वही नव्हती.)

भांडी घासताना आठवायला लागले.
बालवाडीच्या फाटकाशी तो माझी ओढणी सोडायचा नाही,
एकेक बोट उलगडून काढावं लागायचं,
आणि मी बाईंना सांगायचे, पतपेढीला उशीर होत असायचा,
"फार चिकट आहे हो हा."
किती वाजता? कुठल्या हातात?
ओढणीचा रंगही सांगता येईना.
नळ चालू राहिला तसाच,
हे आतून ओरडले तेव्हा बंद केला.

आज, बुधवार:
दहा पन्नासला जेनिलने निळा डबा खाली ठेवला. डाव्या हाताने.
हेत्वी जवळ जाऊन बसली, डब्याला हात लावला नाही.
दोघं मिळून त्याकडे बघत होते.
आत काय आहे, माहीत नाही.
विचारायचं आहे.