मंगळवारी समुद्राला सुट्टी

मंगळवारी चोरकोरच्या किनाऱ्यावर कुणी होडी ढकलत नाही.
त्या दिवशी समुद्र पाठ टेकतो,
असं अक्राचे म्हातारे कोळी सांगतात.
आमच्या तक्त्यात मात्र मंगळवारीच खूण होती:
नमुना सातवा, सकाळी सहा, भरतीआधी.
डॉक्टर जिफा बाईंनी तक्ता उलगडला
आणि लार्ते तांडेलाने तो न बघताच
घडी घालून परत दिला.
"बुधवारी या."
मी वहीत सातव्या रकान्यावर रेघ मारली.
माझं काम मोजायचं. वाद घालायचं नाही.

बुधवारी दोराला निम्मी गल्ली लागली.
बाईंचे दोन हात, माझे दोन, वही दातांत.
जाळ्यात तारली दोन टोपल्या,
बाकी पाण्याच्या पिशव्या,
त्याच, चौकाचौकात डोक्यावरच्या पाटीतून विकतात त्या,
कोपरा दातानं तोडून चोखायच्या.
एकीत खेकड्याचं पिल्लू भाड्यानं राहत होतं.
एकीवरचा निळा छाप अजून वाचता येत होता:
शुद्ध.

सभा मासे धुरवायच्या छपराखाली भरली.
पिशव्यांच्या कारखान्याचा हिशेबनीस आला, क्वाबेना,
ज्याच्या नावातच मंगळवारचा जन्म आहे.
येताना पाहुणचार म्हणून दोन पोती पाणी घेऊन आला.
ऊन मी म्हणत होतं.
सगळे प्यायले. बाईही. मीही.
मग रिकाम्या पिशवीचं काय करायचं
म्हणून बारा माणसं बारा दिशांना बघू लागली.
मी माझी खिशात घातली.

ओदार्ले उठली. धुरानं डोळे लाल, आवाज त्याहून.
"माशाच्या पोटात कण सापडला म्हणता.
उद्या छापाल.
परवा माझी टोपली कोण घेईल?
तुम्हाला कागद, मला शिळी तारली?"

बाईंकडे उत्तर होतं, तीन पानी.
त्यांनी ते पिशवीतून काढलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"आधी इथे सांगू. तुमच्या भाषेत, याच छपराखाली.
छापायचं नंतर."
"आणि आकडा चुकला तर?"
"तर तुमच्यादेखत चुकेल."
ओदार्ले बसली नाही, पण कमरेवरचा हात काढला.

क्वाबेना म्हणाला, वजनावर परत घेता येतील बहुतेक,
पण माझ्या हातात काही नाही, मी फक्त हिशेब लिहितो.
मीही, असं मी म्हणणार होतो.
लार्ते म्हणाला, "मालकाला आण. बुधवारी."

मग त्याने तो तक्ता स्वतःहून मागितला.
नकाशावर जिथे आमचा नुसता निळा रंग होता
तिथे त्याने खवल्यांचं बोट टेकवलं.
"इथे दोन प्रवाह भांडतात.
पावसात नाल्यातून सुटलेलं सगळं
तीन दिवस इथेच गरगरतं.
माझा बाप याला म्हातारीची चूल म्हणायचा."
उपग्रहाला ही चूल दिसली नव्हती.
बाईंनी नाव लिहून घेतलं, अक्षर न् अक्षर विचारत,
आणि ते शाळेतल्या मास्तरासारखं
त्याने दोनदा तपासलं.

रात्री वही पुरी करताना
एका रकान्यापाशी पेन अडलं: माहिती कुणाकडून.
आजवर तिथे यंत्राचा नंबर असे.
लिहिलं: लार्ते तांडेल, आणि त्याचा बाप.

पुढचा मंगळवार.
होड्या वाळूवर ओळीनं निजलेल्या.
कारखान्याच्या मालकाचा अजून पत्ता नाही.
चुलीवर अजून कुणी गेलेलं नाही.
लाटा मात्र पिशव्या आणतच होत्या,
पिशव्यांना मंगळवार नसतो.
पावलं भिजवायला मनाई नाही ना, एवढं विचारून घेतलं
आणि वाकलो.
ओदार्लेची धाकटी लांबून बघत होती.
"किती झाल्या?"
आज नाही मोजत, म्हटलं.
ती जवळ आली, दोन्ही हातांनी फ्रॉकचा ओचा केला,
"मग यात टाक."