पायरी ओळखून

आपली पायरी ओळखून राहावं,
असं आत्या म्हणाली होती
मी आयटीआयचा फॉर्म भरला तेव्हा.
राहिले नाही. पण पायरी ओळखायला शिकले
कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर, टेप घेऊन:
जमिनीपासून सहाशे चाळीस मिलिमीटर.
टँकरची पहिली पायरी
माझ्या मांडीच्या मध्यावर येते.

एक ड्रायव्हर ओरडला, ताई, शिवणकाम का?
हो, म्हटलं, लोखंडाचं.
मग त्यांनी निमूट गुडघे मोजू दिले.
कुणाचा सुजलेला, कुणाचा तेल चोळून चकचकीत,
आणि पायात सगळ्यांच्या रबरी स्लिपर,
टाचेकडे कागदाइतक्या झिजलेल्या.
पुस्तकातल्या चाचणीत बूट असतात.

रबाळ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग सायमन करतो.
पहिल्या नमुन्याला आम्ही इतके दात काढले
की त्यानं चढताना हात टेकला
तर तळव्यावर नऊ ठिपके उठले. लाल.
घसरणार नाही कुणी, तो म्हणाला,
पण किसला जाईल.
ती किसणी अजून भिंतीला टांगलेली आहे.

दुसरीला भोकं मोठी, कडा वर उमललेल्या,
चिखल, डिझेल, पामतेल,
जे येईल ते खाली गळून जावं.
फळीला कोन दिला, तेल ओतलं,
झिजक्या स्लिपर घालून मीच उभी राहिले.
अठरा अंश. बावीस.
चोविसाला सायमननं माझा दंड धरला.

मग तळोज्याहून इलियासला बोलावलं.
दोन वर्षांपूर्वी तो टँकरवरून पडला,
टाचेत आता तीन स्क्रू,
वजनकाट्याच्या खिडकीत बसून पावत्या फाडतो.
त्याच्या अहवालात एकच ओळ होती:
पाय घसरला.
आमच्या भाषेत पाय घसरला की दोष पायाचाच,
मग तो बाईचा असो की क्लीनरचा.
पायरीला कुणी जबाबाला बोलावत नाही.

इलियास चढला, सहज.
उतरताना मात्र अडला.
एक पाय हवेत, चाचपडत.
अहो, कडेला पिवळा पट्टा मारलाय की, मी म्हटलं.
तो तिथूनच बोलला, टाकीकडे तोंड करून:
मॅडम, उतरताना माणूस असा असतो.
पिवळा काय नि हिरवा काय.
पायाला डोळे कुठे?

चार महिने मी नुसती चढतच होते.

त्या रात्री कडेला एक गोल सळई चढवली,
बारा मिलिमीटरची,
झिजलेल्या रबरातूनही तळव्याला लागेल अशी:
इथून पायरी सुरू.
आणि बिजागरीला खटका,
पूर्ण उघडून बसली तरच 'खट्' म्हणेल.
अर्धवट उघडी पायरी गप्प असते.
गप्प पायरीवर पाय ठेवायचा नाही,
शिकवायचं ते एवढंच.

आत्या असती तर तिला सांगितलं असतं,
पाय ओळखतो गं पायरी,
तिनं ओळख दिली तर.

गेल्या गुरुवारी पुन्हा कळंबोलीला गेले.
सोळा टँकरना आमची पायरी बसली आहे.
त्यातल्या एकावर, उघडलेल्या पायरीवर बसून
एक क्लीनर पोरगा भेंडी चिरत होता,
देठं त्या भोकांतून खाली पडत होती,
बरोबर, जशी पडायला हवीत.
शेजारी ओल्या बनियनसाठी
माझ्या बारा मिलिमीटरच्या सळईला चिमटे लावलेले.

भाराच्या हिशेबात मी भेंडी धरली नव्हती.
बसलेला माणूसही नाही.
वहीत लिहून घेतलं:
रुंदी आणखी चाळीसनं वाढवणे.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं, सुचेना.
तोवर पोरगा सरकून बसला
आणि म्हणाला, बसा की.