पाचव्या दिवसाचा दिवा

मंगळवार बाजारात मुर्तुजचाचा गोणपाटावर
मेलेले मोबाईल मांडतो, पोटं वर करून,
मासे मांडावेत तसे.
मी वाकून वास घेते. जळालेल्या बोर्डाचा वास
करपलेल्या शेंगदाण्यासारखा, जरा कडू.
"काय शोधायलीस गं?" तो दर वेळी विचारतो.
ठाऊक नाही चाचा, दिसलं की कळंल.
चाळीस रुपयांत एक फुटका प्रिंटर दिला त्यानं.
त्यातल्या दोन मोटरी माझ्या,
बाकीचा सांगाडा जिन्याखाली, अम्माच्या शिव्या खात.

घर दीड खोलीचं. खिडकीतली फळी माझी.
मल्टिमीटर, सोल्डरची कांडी,
विडीच्या पानांच्या जुन्या डब्यात रंगांप्रमाणे लावलेले रेझिस्टर
(लावलेले होते, परवा भाच्यानं कालवले).
दिवसभर मी टॉवेलच्या कारखान्यात डझनं मोजते,
कंटेनरच्या तारखा पाठ करते.
माझा दिवस उजाडतो रात्री साडेनऊला.
मे महिन्यात पत्रा असा तापतो
की पंखा लावला तर टाका बिघडतो,
बंद केला तर मी.

नायनाला ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं चार मागांच्या मधी उभा राहिला.
खटक-खटक तेवढं आत राहिलं,
बाकीचे आवाज दाराबाहेर ताटकळतात.
मी त्याला कानाचं यंत्र करून बघितलं,
एक माइक, एक चिप, जुना हेडफोन.
त्यानं घातलं, भुवया वर केल्या,
अर्ध्या मिनिटात काढून फळीवर ठेवलं.
"पुन्हा कामावर गेल्यागत वाटायलंय."

पाणी आमच्याकडं पाचव्या दिवशी.
किती वाजता, ते पाण्याला विचारा.
त्या रात्री अम्मा तोटीपाशी पाटावर बसून विड्या वळते,
मान पडते, हात चालूच.
म्हणून मी नळात सेन्सर बसवला, वर भोंगा.
पहिल्याच रात्री अडीचला भोंगा कोकलला.
गल्ली हंडे घेऊन बाहेर,
आणि तोटी नुसती फुसफुसली.
पाण्याआधी पाइपातून वारा येतो
हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.
"वारा भरून ठिवू का गं हंड्यात?" समोरची नरसव्वा.
चार दिवस मी मान खाली घालून कामाला गेले.

पाचव्या दिवशी नायनानं माझा हात धरला
आणि पाइपवर ठेवला.
"वारा थरथरतो," म्हणाला, "पाणी ढकलतं.
सूत तुटायच्या आधी माग असाच बोलायचा, तळव्याला."
मला काहीच कळलं नाही.
मग त्यानं बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं,
आधी वारा, मग पाणी,
पुन्हा वारा, पुन्हा पाणी,
आणि मी आकडे लिहीत गेले.
वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातली पितळी चकती
पाइपला चिकटवली, भोंगा काढला,
त्याच्या खाटेपाशी लाल दिवा लावला.
प्रोग्रॅममधी एक आकडा आहे, तीनशे बारा.
त्याच्या वर गेलं की पाणी, खाली राहिलं की वारा.
त्या आकड्याचं नाव मी नायना ठेवलंय.

काल रात्री तीन वीसला जाग आली.
तो आधीच उठून बसला होता, तळवा पाइपवर.
मग दिवा लागला.
त्यानं दिव्याकडं बघितलं,
उशिरा आलेल्या कांडीवाल्या पोराकडं बघावं तसं,
आणि काही बोलला नाही.
अम्मा गाढ झोपलेली, कधी नव्हे ती आडवी.
तिला उठवायचं नाही असं खुणेनं ठरलं.
मी घागरी पावलांवर चालून भरल्या,
तोटीखाली फडकं धरून, धार गप्प करत.
आणि तो पलीकडं बादल्या आपटत होता
खुशाल, एकामागून एक,
त्याला वाटत होतं, किती हळू करतोय आपण.