पान दोनशे अकरा

लिएपायात, बंदराकडे उघडणाऱ्या खिडकीशी
आउस्मा कादंबरी लिहीत होती.
नायिकेला तिने सगळं दिलं होतं :
दोन लग्नं, एक बुडालेला भाऊ,
खोटं बोलताना कानाची पाळी चोळायची सवय.

तारवाला मात्र नावापुरता.
खरं तर नावापुरताही नाही, नाव कुठे दिलं होतं?
पान दोनशे अकरावर यायचं,
‘इथे सही करा’ म्हणायचं,
तार द्यायची, जायचं.
कागदाइतका सपाट माणूस,
दाराखालूनही आत सरकला असता.

एका रात्री काय झालं कोण जाणे,
तिने लिहून टाकलं :
त्याच्या कोटाचं तिसरं बटण निळं होतं,
बाकीची काळी.

झालं.
आता ते शिवलं कुणी?
घरात तेवढं एकच उरलं होतं का?
ज्या फ्रॉकवरून काढलं
त्या फ्रॉकातली मुलगी कुठंय?
नायिका तार फोडून रडत होती
आणि आउस्माचं लक्ष जिन्यात,
उतरत जाणाऱ्या बुटांकडे.

संपादक गुनवाल्डिसने समासात पेन्सिलीने विचारलं,
‘बटणाचं पुढे काय होतं?’
काहीच नाही.
‘मग काढा.’

तिने काढलं.

छापील पुस्तकात तो येतो, सही घेतो, जातो.
फक्त तार पुढे करताना
दुसरा हात छातीशी धरून ठेवतो,
थंडी नसताना,
तिसऱ्या बटणावर.