खाणपट्टा

लांबी: सराफ बाजाराच्या वरच्या तोंडापासून
नाला गोदावरीला मिळतो तिथवर.
रुंदी: एका गटारीची.
खोली: माझ्या आईचा हात, कोपरापर्यंत.

सरकारी नकाशात ही खाण नाही.
गॅझेटियरने नाशिकची देवळं मोजली, घाट मोजले,
तांब्यापितळेची दुकानं मोजली.
आमच्या पाट्या मोजायला कुणी खाली वाकलं नाही.

तर इतिहास असा, की
कानस फिरते तेव्हा सोनं थोडं उडतं.
सोनाराच्या मिशीत बसतं, धोतराच्या घडीत,
फुंकणीच्या तोंडाशी, शेगडीच्या राखेत,
आणि केरासोबत उंबरा ओलांडतं.
पहाटे चारला, दुकानाच्या फळ्या निघायच्या आत
हैबती झारेकरी, माझा आजा, कुंचा फिरवत यायचा.
ठेका दसऱ्याला ठरायचा:
या दुकानाचा केर आमचा, त्या दुकानाचा चुलत्यांचा,
गटार सगळ्यांची,
म्हणजे ज्याला शिसारी नाही त्याची.

एक गोणी गाळ.
तसराळ्यात घेऊन नदीवर हलवायचा,
असा, डावीकडून, मनगटाने. कंबरेने नव्हे.
माती हलकी, ती जाते.
केस जातात, कोळसा, विड्यांची थोटकं,
एकदा कुणाची तरी दाढ.
तळाशी काळी रेघ राहते, तिच्यावर पारा सोडायचा.
पारा सोनं गिळतो. मग फडक्यात घालून पिळला
की स्वतः तेवढा निसटतो.
उरली गोळी विस्तवावर.
त्या वेळी खिडकी उघडी ठेवायची असते
हे आईला कुणी सांगितलं नव्हतं.
चांगला दिवस म्हणजे दोन गुंजा.

त्रेसष्ट साली चौदा कॅरटचा कायदा आला.
भट्ट्या निजल्या, सोनार भाजी विकायला बसले,
त्यांचे हाल पेपरात छापून आले.
आजा म्हणायचा, त्या वर्षी गटारीत
नुसती गटार होती.
आणि हसायचा.

एकोणसत्तरला नदी बाजारात चढली.
माणसं माळ्यावर, देव माळ्यावर, तिजोऱ्या तेवढ्या खाली.
पाणी ओसरलं तसे आमचे बायाबापे
मांडीभर चिखलात उतरले, लग्नाला आल्यासारखे.
लग्न झालंही. आत्याचं, त्याच चिखलावर.
लाज वाटते, पण सांगतो:
रात्री जोराचा कोसळला की आमच्या घरातलं
कुणीतरी अजून उठून नाल्याकडे बघून येतं.

मग बंगाली कारागीर आले.
हात बादलीत धुतात, बादली जपून ठेवतात,
बसायची चटई जाळून तिच्यातलंही काढतात.
हवा ओढणारी यंत्रं लागली. नाल्यावर स्लॅब पडला.
मी सातपूरला वजनकाट्यावर चिकटलो.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
काट्याला वीस किलोच्या खालचं दिसत नाही.

आईच्या हातांना शेवटी शेवटी कंप होता.
चहा बशीत सांडायचा,
तर ती पुसू द्यायची नाही.
बशी फिरवायची, डावीकडून, मनगटाने,
आणि तळ बघायची.

गेली तेव्हा चुलत्याने चालीप्रमाणे
तिच्या तोंडात सोन्याचा कण ठेवला.
तिसऱ्या दिवशी राख सावडायला बसलो
आणि माझा हात आपला आपणच हलायला लागला.
गुरुजी म्हणाले, काही हरवलंय का?
नाही, म्हणालो.
दिसला होता मला.
तसाच राहू दिला.

नदीवर राख सोडली.
दोन पायऱ्या खाली एक पोरगा
छातीभर पाण्यात, हातात पत्र्याचं तसराळं,
माझ्याकडे बघत थांबला होता.
माझी सावली त्याच्या पाण्यावर पडली होती.
मी बाजूला झालो.