दोन औंस

चांदीच आहे, मुलामा नाही.
दलालाने फक्त दाताखाली धरून पाहायचं बाकी ठेवलं.
पुढच्या बाजूला नांगर होता, गव्हाची पेंढी होती,
अजून दिसते ती गाय, कुठल्याच गाईसारखी नसलेली;
साचा बोटीने आला, आणि घडवणाऱ्याने
बहुधा कुत्र्याचे पाय बघून काम भागवलं.
खाली: ...बाल्ड मकॉर्कडेल यांस,
टायरीचं मैदान, १८७१, उत्तम दुभती गाय.

कोरणावळ अक्षरामागे दोन पेन्स.
पणजोबांच्या वहीत नोंद आहे,
मेंढ्यांच्या औषधाखाली, खिळ्यांच्या वर.
गाईचं नाव ब्रॉकी. इंग्रजीत सात अक्षरं,
चौदा पेन्स.
ते वहीत नाही.

आजोबा सांगायचे (त्यांनाही सांगितलेलंच),
वायव्येचा वारा, तंबूचे दोर कण्हत होते.
परीक्षक म्हणाला, कास सुरेख, आता दूध बघू.
पणजोबा तिवईवर बसले. नवा कोट, घासलेले हात.
ब्रॉकीने दूध चोरलं.
चुचकारलं, ऊन फडक्याने कास शेकली,
बादलीत चार थेंब, तेही मेहेरबानी म्हणून.
कुणीतरी पाइप तोंडातून काढून हसलं.

बायकांना रिंगणात मज्जाव.
ईफी, माझी पणजी, चहाच्या तंबूत कप विसळत होती.
तिला बोलावून आणलं कुंपणापर्यंत,
कुंपणापर्यंतच.
मानुकाच्या खांबाला रेलून ती बोलू लागली.
गाणं नव्हे, लाडीगोडी नव्हे,
गाऱ्हाणी:
पिठाला ओल लागलीय, चूल नुसती धुमसते,
या माणसाला सांगून सांगून जीभ झिजली.
रोज पहाटे धार काढताना
गाईच्या कुशीला कपाळ टेकून बोलायची, तेच सगळं,
फक्त आज अख्ख्या तालुक्यासमोर.
ब्रॉकीचे कान वळले.
मग पान्हा असा सुटला की बादलीचा आवाज
पत्र्यावरून दुधावर आला, दुधावरून फेसावर,
आणि मग ऐकूच येईना.

परीक्षकाने पणजोबांशी हात मिळवला.

तिसऱ्या वेताला ब्रॉकी बसली ती उठली नाही.
कातड्याचे सात शिलिंग आले; ते मात्र वहीत आहेत.
पदक मखमलीच्या डबीत राहिलं
पुराच्या वर्षापर्यंत.
पाण्याने कोंबड्या नेल्या, कुंपण नेलं,
तराजूचं दोन औंसांचं वजन नेलं.
ईफीने डबी उघडली, पदक पारड्यात टाकलं.
काटा बरोबर मध्ये.
कुणाला विचारलं नाही.

पुढे अडतीस वर्षं तिने त्यावर लोणी तोललं.
मिठाच्या, ओल्या बोटांनी आधी नांगर पुसला,
मग पेंढी, मग नवऱ्याच्या नावातली पहिली चार अक्षरं.
चांदी झिजते तसं माप कमी भरतं, हे तिला कळत होतं.
म्हणून प्रत्येक वडीवर नखभर लोणी वरून.
दर वर्षी जरा मोठं नख.

दलाल म्हणाला, वापरलं नसतं तर तिप्पट मिळाले असते.
मी म्हटलं, हो ना.
विकलं नाही. का, ते मुलाला सांगताना
भलतंच काहीतरी बोलले, विम्याबद्दल.

मागची बाजू कोरी आहे असं मी ऐंशी वर्षं समजत होते.
काल दिव्यापाशी तिरकं धरलं तर
सुईने ओरखडलेलं:
बी, आर, ओ,
आणि मग एक लांब रेघ कडेपर्यंत,
हात हिसकल्यासारखी.
दूध उतू गेलं असेल. बाळ रडलं असेल.
किंवा पणजोबा आत आले असतील.

आईचा जुना काटा काढून त्यावर ठेवलं.
दोनाच्या खुणेला पोचत नाही.
जरा अलीकडे थांबतो.